चोवीसपैकी चोवीस

"मॅडम, कोण आलं, कोण न्हाई, ते तुमच्या कॉम्प्युटरात दिसतं म्हणं. माझा पोरगा दिसतो का बघा ना जरा."

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात शिंप्याची टेप होती आणि मास्क हनुवटीवर घसरला होता. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. कॉलेजच्या संगणक कक्षात बसून मी विद्यापीठाला पाठवायचा अहवाल शेवटचा तपासत होते. असला एखादा तरी पालक रोज यायचा. कुणाच्या पोराचा मोबाईल बिघडलेला, कुणाची मुलगी लग्न होऊन गेलेली.

"नाव सांगा," मी मान वर न करताच म्हणाले.

"सुमेध बाबाराव खिल्लारे. बीएच्या तिसऱ्या वर्षाला हाय. मी बाबाराव, त्याचा बाप. बसस्टँडच्या मागं शिवणकाम करतो." ते थांबले. "पोरगं घरातून गेलंय, मॅडम. आज तेवीस दिवस झाले. फोन बंद हाय."

मी मान वर केली. कारण तीनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, पाऊण तासभर सुमेध बाबाराव खिल्लारे मीच होते.

हे नीट सांगायला हवं. दोन हजार एकवीसचा ऑगस्ट चालू होता आणि कॉलेज सलग दुसऱ्या वर्षी मुलांविना होतं. मुलं घरी, आम्ही कॉलेजात. मी भूगोलाची, तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. अकरा वर्षं झाली तरी तासिकाच, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि दर जूनमध्ये कुणाच्या तरी पुढे हात जोडायचे. त्या वर्षी विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाला एक ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि तो तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अभ्यासक्रमाचं नाव 'आपत्ती व्यवस्थापन'. हसू नका, नाव मी ठेवलेलं नव्हतं.

चोवीस व्हिडिओ मी घरच्या स्वयंपाकघरात उभी राहून केले. खिडकीला गोधडी लावायची, कुकर बंद ठेवायचा, शेजारचा कोंबडा आरवला की पहिल्यापासून सुरुवात. भूकंप, पूर, दरड, वणवा सगळं भिंतीला शिकवलं. प्रत्येक व्हिडिओनंतर पाच प्रश्न आणि दर आठवड्याला एका विषयावर मुलांनी चार ओळींचं मत लिहायचं. एकसष्ट मुलं होती. पडद्यावर मात्र मला एकसष्ट गोल दिसायचे, प्रत्येकात नावाचं एक अक्षर. त्यातलं एक अक्षर महिनाभर हललंच नाही, तर ते झोपलंय की घर सोडून गेलंय हे कळायला काही मार्ग नव्हता. आणि मी शोधलाही नाही.

शेवटच्या आठवड्यात प्राचार्य पडघन सरांनी बोलावलं. विद्यापीठाची समिती पुढच्या मंगळवारी चार वाजता ऑनलाइन तपासणी करणार होती.

"किती मुलांचा पूर्ण झाला?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"साठ टक्के लागतात, घुगे मॅडम. नाहीतर अभ्यासक्रम दुसऱ्या कॉलेजला जाईल, त्याच्याबरोबर तुमच्या तासिकाही जातील. आणि ह्या मुलांचं वर्ष अडकेल ते वेगळंच."

"सर, निम्म्या मुलांकडे फोन नाही. काही कामाला गेलीत. मी एकेकाला फोन केलेत."

"मुलांचे पासवर्ड काय आहेत?"

"हजेरी क्रमांक आणि जन्मसाल. आपणच दिलेत सर. कुणीही बदललेले नाहीत."

"मग?" सर म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्यांनी एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माझं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस मी एकवीस मुलं झाले. व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर ओढला की तो पूर्ण पाहिला असं यंत्र धरून चालायचं. प्रश्न माझेच, उत्तरंही माझीच. संशय नको म्हणून मध्येच एखादं चुकवायचे. मतं मात्र प्रत्येकाची वेगळी लिहिली. कुणाच्या तोंडी थोडं अशुद्ध, कुणाच्या तोंडी पुस्तकी. एवढी कल्पकता मी एरवी कुठे दाखवली असती तर नाव झालं असतं. एकोणीस आणि एकवीस मिळून चाळीस झाले. पासष्ट टक्के.

आणि आता त्या एकविसांतल्या एकाचा बाप दारात उभा होता.

"थांबा, मी काढून देतो," पलीकडच्या टेबलावरून पुंडगे म्हणाले. पुंडगे म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक, पन्नाशीचे, साधा सरळ माणूस. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी यादी उघडलीसुद्धा. "हां, सुमेध खिल्लारे. शेवटची हजेरी... शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. चोवीसपैकी चोवीस व्हिडिओ. अहो, त्यानं तर अख्खा अभ्यासक्रम पूर्ण केलाय!"

बाबारावांनी चौकट धरली. मग तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.

"ह्या शुक्रवारी? ह्याच?"

"ह्याच. हे बघा, त्यानं मतसुद्धा लिहिलंय. 'आपत्तीच्या वेळी तुम्ही सर्वप्रथम काय कराल?' त्याला उत्तर दिलंय, 'मी सर्वप्रथम घरी फोन करीन, कारण घरचे लोक काळजीत असतात.'"

"पुन्हा वाचा, साहेब."

पुंडग्यांनी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. बाबाराव रडत होते आणि हसत होते, आणि मला हात जोडत होते.

"मी बोललो व्हतो त्याला, मॅडम. सदानकदा मोबाईलात तोंड घालून बसतो म्हणून. तो म्हणला, कॉलेजाचा अभ्यास चाललाय. मी म्हणलं, बापाला शेंडी लावू नको. नको नको ते बोललो. सकाळी उठून बघतो तर हातरूण रिकामं." त्यांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले. "तवापासनं त्याच्या मायनं धड घास खाल्ला न्हाई. जित्ता हाय माझा पोरगा. आं? जित्ता हाय."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, खोटं नाही सांगत. पण पुंडगे शेजारी होते, अहवाल समोर होता, आणि तो माणूस तेवीस दिवसांनी हसत होता.

"कुठून बघत व्हता ते कळंल का?"

"ते पोलीस काढतील," पुंडगे म्हणाले. "हा कागद घेऊन जा ठाण्यात."

त्यांनी छापून दिलेला कागद बाबारावांनी चार घड्या करून खिशात घातला आणि ते जवळजवळ पळतच गेले.

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. पडघन सरांनी दार लावून घेतलं.

"उद्या चारपर्यंत काही बोलायचं नाही," ते म्हणाले.

"सर, पोलीस शोध थांबवतील."

"तेवीस दिवसांत त्यांनी काय दिवे लावलेत? आणि सांगायचंच तर सगळं सांगावं लागेल. एकट्या खिल्लारेचं नाही, उरलेल्या वीस पोरांचंही. त्यांची वर्षं गेली तर तुम्ही देणार आहात का परत?"

"पण तो माणूस..."

"तो माणूस आज खूश आहे ना? एक दिवस खूश राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. परवा सांगा काय सांगायचं ते."

एक दिवस. मी त्या एका दिवसाला धरून बसले. वाटेल ते होवो, परवा सकाळी सांगायचं, असं मनाशी शंभरदा म्हटलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाबारावांचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका बदलला होता.

"मॅडम, जमादारांनी कागद बघितला. म्हणले, पोरगं सज्ञान हाय, जित्तं हाय, अभ्यास करतंय, मग आमी काय शोधायचं? राग गेला की येईल घरी. फाईल बंद केली बघा. वर म्हणले पेढे आणा." ते हसले. "त्याची माय आज जेवली. तुमचे उपकार झाले."

"बाबाराव," मी म्हणाले.

"हां, बोला की मॅडम."

"काही नाही. काळजी घ्या."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात, जिथे उभी राहून आपत्ती व्यवस्थापन शिकवलं होतं, तिथेच फरशीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले. मला माझीच किळस आली. पण उठून त्यांच्या घरी गेले नाही.

मंगळवारी चार वाजता समिती पडद्यावर आली. तिघे जण होते, अध्यक्ष एक वयस्क बाई. त्यांनी दोन व्हिडिओ पाहिले, मुलांची मतं वाचली. नेमकी माझीच चार-पाच मतं त्यांना आवडली.

"इतक्या आडबाजूच्या भागात पासष्ट टक्के!" बाई म्हणाल्या. "कसं काय जमवलंत, मॅडम?"

"मुलांशी वैयक्तिक संपर्क ठेवला," मी म्हणाले.

पडघन सरांनी माझ्याकडे बघून टेबलाखालून अंगठा दाखवला. समिती गेल्यावर ते म्हणाले, "पद भरायची परवानगी आली की पहिलं नाव तुमचं." ज्या वाक्याची मी अकरा वर्षं वाट पाहिली ते असं एका दमात येऊन गेलं आणि मला नीट ऐकूही आलं नाही.

साडेपाचला मी बसस्टँडच्या मागे गेले. आता तरी सांगायचं होतं. अडवणारं कुणी उरलं नव्हतं, समिती पार पडली होती. दुकानात बाबाराव आणि त्यांची बायको समोरासमोर बसले होते. मध्ये वर्तमानपत्रावर भजी होती. ती बाई एक तुकडा मोडून खात होती आणि ते तिला कागद वाचून दाखवत होते. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहून पाच मिनिटं ते बघितलं. मग परत फिरले. उद्या सकाळी, म्हटलं. आदल्या दिवशीचा उशीर सरांच्या माथी मारता येतो. ही संध्याकाळ मात्र निखळ माझी होती.

बुधवारी दहा वाजता गेले.

"या या, मॅडम!" त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. "चहा सांगू का?"

"नको. बाबाराव, ती तारीख चुकीची आहे."

"कुठली?"

"शुक्रवारची. तुमच्या कागदावरची. शुक्रवारी सुमेध नव्हता तिथे."

शिवणयंत्राच्या चाकावरचा त्यांचा हात तसाच राहिला. "मंग कोण व्हतं?"

वाटेने येताना मी घोकून आले होते की, मी होते. दोन शब्द. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"कुणी नव्हतं. मशीनची चूक आहे. तारीख चुकीची दाखवतंय ते."

"म्हंजी त्यानं लिवलं ते बी..."

"ते त्याचंच. जायच्या आधी लिहिलेलं. अभ्यास त्यानेच पूर्ण केलाय, फक्त तारीख चुकली." मी एका श्वासात बोलून टाकलं. त्यांच्याजवळ काहीतरी उरावं म्हणून बोलले की स्वतःला वाचवायला, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बहुतेक दुसरंच खरं असेल.

बाबाराव उठले आणि चपला न घालता ठाण्याकडे निघाले. मीही मागे गेले, निदान जमादाराला तरी सांगावं म्हणून. मी मशीनची चूक असल्याचं पुन्हा सांगितलं. कॉलेजच्या बाई सांगतायत म्हटल्यावर जमादार वैतागले, मग टेबलावरचे कागद चाळायला लागले. चाळता चाळता एका कागदावर थांबले.

"हा सोमवारी संध्याकाळी आलेला निरोप," ते हळू आवाजात म्हणाले. "वय अंदाजे वीस, डोक्याला मार, नाव-गाव माहीत नाही. सरकारी दवाखान्यात आहे. नेहमी आम्ही असले निरोप बेपत्तांच्या फायलींशी ताडून बघतो. पण आपली फाईल त्याच दुपारी बंद झाली होती."

"खूण काय लिवलीय?" बाबारावांनी विचारलं.

"उजव्या हाताच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग."

"इस्त्रीचा हाय तो," बाबाराव म्हणाले. "सातवीत व्हता तवा भाजला."

दवाखाना सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात होता. जमादारांनी फोन लावला. नाव, खूण सांगितली आणि पलीकडचं ऐकत राहिले. ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठून उभे राहिले, तेव्हाच मला कळलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं. मग फोन ठेवून बाबारावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काल रात्री साडेआठला गेला. सोमवारी रात्री शुद्धीवर आला होता म्हणे थोडा वेळ. नाव सांगता आलं नाही, पण कुणी ओळखीचं आहे का, म्हणून विचारत होता."

बाबाराव रडले नाहीत. "एसटी किती वाजता हाय?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

पडघन सर सोडले तर हे सगळं मी कुणालाही सांगितलं नाही. पुढे पद निघालं, मी कायम झाले. तो अभ्यासक्रम अजून चालू आहे, अजून मीच शिकवते.

पण बाबाराव एकदा आले होते, सगळं उरकल्यावर महिन्याभराने. संगणक कक्षात पुंडगे आणि मी दोघेच होतो. बाबारावांचे केस एकदम पांढरे झालेले. दारात उभे राहून त्यांनी हात जोडले, आणि मला वाटलं, कळलं ह्यांना. खरं सांगते, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

"मॅडम, तुमचे लई उपकार झाले," ते म्हणाले. "तुमी येऊन मशीनची चूक सांगितली म्हणून पोरगं हाती तरी लागलं. न्हाईतर बेवारस जाळलं असतं त्याला."

"बसा, बाबाराव."

"बसत न्हाई. पोरं म्हणतेत, पास झाला की कागद मिळतो. त्याचा मिळंल का? भिंतीवर लावावा म्हणते त्याची माय."

पुंडगे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या यंत्राने तारखा कधी चुकवल्या नव्हत्या, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि प्रमाणपत्र छापायला लावलं. कागद बाहेर आला. बाबारावांनी हात पँटला पुसून तो घेतला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"चोवीसच्या चोवीस त्यानंच केले ना, मॅडम?"

"हो."

"म्हंजी तो खरंच अभ्यास करत व्हता." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कपड्याचं माप सांगावं तसा. "मला सांगत व्हता, बाबा, अभ्यास करतोय. मी त्याला खोट्यात काढलं. खरं बोलणारं पोरगं मी घराबाहेर घालवलं, मॅडम. त्याची काय बी चूक नव्हती."

मी हात लावण्याआधी सुमेधच्या नावावर दोन व्हिडिओ होते, त्यातला दुसरा अर्धवट. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर ह्या माणसाच्या डोक्यावरचा निम्मा भार तिथल्या तिथे उतरला असता. पोरगं मोबाईलवर दुसरंच काही बघत होतं, बाप रागावला, चार घरांत रागावतात तसाच रागावला, ह्यापलीकडे त्यात काही नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. जगात दुसरं कुणी त्यांना ते सांगू शकत नव्हतं.

बाबारावांनी कागद परत माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"इथं सही ऱ्हायली, मॅडम."

मी सही केली.